परदेशांतील मिशनऱ्याचा आठवडा

विद्यार्थिमित्रहो, 'आठवडा' हा शब्द आपण नित्य उच्चारतों, परंतु त्याचा हिशेब क्वचितच मांडतों. आठवड्यांत सात दिवस, म्हणजे १६८ तास असतात. श्रीमंतास त्यांत एक तास अधिक मिळत नाहीं व गरिबास एक तास उणा पडत नाहीं. मनुष्य कशास किंमत देतो हें पाहावयाचें असेल, तर त्याचा एक आठवडा पाहावा. त्याच्या भाषणांपेक्षां तो अधिक खरें सांगतो.

ह्या पाठांत आम्ही एका तरुणाचा आठवडा आपणांपुढें मांडीत आहों. हा तरुण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं आईबापांचें घर सोडतो, स्वतः न निवडलेल्या ठिकाणीं जातो, आणि वेतन न घेतां दोन वर्षें तेथें राहतो. तो मॉर्मन पंथाचा मिशनरी होय. ह्या पंथाचे उपदेशक सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं आपल्या मुंबई-पुण्यासही येऊन गेले, ही गोष्ट आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. तिचाही वृत्तांत पुढें येईल.

हे लोक कोण?

अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत ६ एप्रिल १८३० रोजीं जोसेफ स्मिथ नांवाच्या एका शेतकऱ्याच्या मुलानें ह्या पंथाची स्थापना केली. पवित्र शास्त्राबरोबर 'मॉर्मनचें पुस्तक' ह्या दुसऱ्या एका ग्रंथासही ते शास्त्र मानितात. त्यावरून लोक त्यांस मॉर्मन म्हणूं लागले. आरंभापासून त्यांस पुष्कळ विरोध सोसावा लागला. १८४४ सालीं जोसेफ स्मिथ तुरुंगांत असतां एका जमावानें आंत शिरून त्यास गोळ्या घालून ठार केलें. त्यानंतर ब्रिगम यंग ह्याच्या पुढारीपणाखालीं हे लोक बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे निघाले, व जुलै १८४७ मध्यें एका खाऱ्या सरोवराच्या कांठीं त्यांनीं वस्ती केली. तेंच हल्लींचें सॉल्ट लेक शहर होय.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. देव, शास्त्र व बाप्तिस्मा ह्यांविषयीं ह्या पंथाची शिकवण इतर ख्रिस्ती मंडळ्यांच्या शिकवणुकीहून फार भिन्न आहे. रोमन कॅथॉलिक मंडळीनें त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाहीं असा निर्णय २००१ सालीं जाहीर केला, आणि इतर अनेक मंडळ्यांचेंही तेंच मत आहे. आम्हांसही ती शिकवण मान्य नाहीं. परंतु ज्याचें मत पटत नाहीं त्याच्या श्रमांकडे पाहूंच नये, असें थोडेंच आहे? शेजाऱ्याचें शेत आपलें नव्हे. तरी त्यानें घातलेला तास सरळ आहे कीं वांकडा, हें आपल्या बांधावर उभें राहून पाहतां येतें, आणि सरळ असेल तर तसें म्हणतांही येतें.

घरून निघणें

ह्या पंथांत मुलगा वयांत आला म्हणजे त्यानें मिशनरी म्हणून कांहीं काळ द्यावा, अशी अपेक्षा असते. २०१२ पासून मुलांस अठराव्या वर्षीं जातां येतें, व त्यांची मुदत दोन वर्षांची असते. मुलीही जातात, त्यांची मुदत दीड वर्षाची असते. इच्छा असणारा तरुण अर्ज करितो. कोठें जावयाचें हें मात्र तो ठरवीत नाहीं. कांहीं आठवड्यांनीं उत्तर येतें, आणि तें उघडीपर्यंत त्यास किंवा त्याच्या आईबापांस आपण ब्राझिलास जाणार, जपानास जाणार, कीं शेजारच्याच प्रांतांत जाणार, हें कांहींएक ठाऊक नसतें.

पुढें कांहीं आठवडे शिक्षण होतें. युटा राज्यांतील प्रोव्हो ह्या गांवीं त्यासाठीं मोठें विद्यालय आहे. परभाषेच्या देशीं जाणाऱ्यास तेथें ती भाषा शिकवितात. खर्च मुलानें स्वतः साठविलेल्या पैशांतून, आईबापांच्या कमाईंतून, किंवा गांवच्या मंडळीच्या मदतीनें भागतो. असे सत्तर हजारांहून अधिक तरुण-तरुणी हल्लीं जगभर काम करीत आहेत.

आठवड्याचे सात दिवस

दिवसाचा क्रम साधारणतः असा असतो. सकाळीं साडेसहाला उठणें, प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, स्नान व न्याहारी. नंतर एक तास एकट्यानें शास्त्राभ्यास. मग सोबत्याबरोबर अभ्यास. परभाषेच्या देशीं असल्यास त्याशिवाय भाषेचा अभ्यास. त्यानंतर बाहेर पडावयाचें. रात्रीं नऊ-साडेनऊच्या सुमारास परत येऊन दुसऱ्या दिवसाची आंखणी करावयाची, आणि साडेदहाला दिवा मालवावयाचा. देशपरत्वें ह्या वेळांत थोडा फेरफार होतो.

ह्या मिशनऱ्यास एकटें राहण्याची मोकळीक नसते. त्याच्याबरोबर सदैव एक सोबती असतो. सोबती त्यानें निवडलेला नसतो, आणि कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं तो बदलतो. एक घोरणारा, एक फार बोलणारा, एक मुळींच न बोलणारा, अशा निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांबरोबर एकाच खोलींत राहून काम करणें, हा ह्या शिक्षणाचा बराच कठीण भाग समजला जातो. ज्यांनीं वसतिगृहांत दिवस काढिले आहेत त्यांस ह्याचा अर्थ उलगडून सांगावयास नको.

बहुतेक ठिकाणीं सोमवार हा तयारीचा दिवस असतो. कपडे धुणें, खोली झाडणें, बाजारहाट करणें, केस कापविणें, आणि घरीं पत्र लिहिणें, हीं कामें त्या दिवशीं उरकावयाचीं. पूर्वीं वर्षांतून दोनदांच, नाताळास व मातृदिनीं, घरीं दूरध्वनि करण्याची परवानगी असे. एरव्हीं पत्रावरच समाधान मानावें लागे. फेब्रुवारी १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, फेब्रुवारी २०१९ पासून, आठवड्यांतून एकदां आईबापांशीं बोलण्याची मुभा मिळाली. ज्या घरांतील मुलगा दूर असतो, त्या घरांत सोमवार कसा उजाडत असेल, ह्याची कल्पना पालकांस सहज करितां येईल.

मंगळवारापासून फिरती सुरू होते. कोणी भेटीस बोलाविलें असेल तेथें जावयाचें. कोणी बोलाविलें नसेल, तर रस्त्यावर, बसथांब्यावर, जेथें कायदा व देशरीति परवानगी देईल तेथें, अनोळखी माणसांशीं बोलावयाचें. पुष्कळ लोक 'नको' म्हणतात. कांहीं हंसतात, कांहीं दार लावून घेतात. हा 'नको' शब्द दिवसांतून अनेकदां ऐकून पुन्हां सौम्यपणें बोलणें सोपें नाहीं. आठवड्यांतून एकदां आसपासचे मिशनरी एकत्र जमून कामाचा विचार करितात, आणि एक वेळ पुढच्या आठवड्याची आंखणी करण्यांत जाते. कांहीं तास लोकांच्या उपयोगी पडण्यांत जातात: कोणाचें सामान उचलून देणें, कोणाच्या बागेंत खणणें, कोणास इंग्रजी शिकविणें.

ह्या पंथाचे लोक चहा, कॉफी, दारू व तंबाखू ह्यांपैकीं कशासही शिवत नाहींत. दारू-तंबाखूचें आम्हांस कौतुकच वाटतें. परंतु चहाचा प्रश्न आपल्या देशांत मोठा नाजूक होय. हिमायतनगरासारख्या गांवीं दारांत आलेल्या माणसास चहा पुढें केला व तो त्यानें नाकारिला, तर घरधनिणीस वाईट वाटतें. अशा वेळीं पाणी मागून घेणें, दोन गोड शब्द बोलणें आणि नकाराचें कारण नम्रपणें सांगणें, हें परक्या मनुष्यास शिकावेंच लागतें. आपला नियम मोडूं नये आणि यजमानाचा मानही मोडूं नये, ह्या दोन्ही गोष्टी साधणें हीच खरी सभ्यता होय.

रविवारीं सभा असते. भाकर व पाणी ह्यांनीं प्रभूच्या मरणाचें स्मरण करितात. द्राक्षारसाऐवजीं ते पाणीच वापरितात. महिन्यांतील एका रविवारीं, बहुधा पहिल्या, दोन वेळचें जेवण सोडून त्याचा वांचलेला खर्च गरिबांसाठीं देण्याची त्यांची चाल आहे. सायंकाळीं पुन्हां भेटी, पुन्हां आंखणी, आणि आठवडा संपतो. असे सुमारें शंभर आठवडे भरले, म्हणजे मुलगा घरीं परततो.

मुंबईस व पुण्यास आलेला उपदेशक

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. इ. स. १८५१ मध्यें ह्या पंथाचा पहिला उपदेशक कलकत्त्यास आला. पश्चिम हिंदुस्थानचें काम ह्यू फिंडले नांवाच्या एका स्कॉच गृहस्थाकडे आलें, व तो सप्टेंबर १८५२ मध्यें मुंबईस उतरला. तेव्हां मुंबई-ठाणें आगगाडीही सुरू झाली नव्हती. ती १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाली, आणि बोरघाटांतून गाडी जावयास १८६३ साल उजाडावें लागलें. मुंबईंत वर्तमानपत्रें व इतर मंडळ्यांचे पाळक ह्यांनीं त्यास कसून विरोध केला. मग तो पुण्यास गेला. तेथें लष्करी छावणींत उपदेश करण्यास अधिकाऱ्यांनीं त्यास मनाई केली. तरी त्यानें चिकाटी सोडली नाहीं. १८५३ मध्यें पुण्यांत थोड्याशा लोकांची एक लहान मंडळी त्यानें उभी केली. त्यानें मराठीचा अभ्यास केला, आणि १८५५ सालीं हिंदुस्थानांतील मराठ्यांस उद्देशून एक पुस्तिकाही छापून प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं तो हा देश सोडून गेला.

ह्याच सुमारास युटांतून तेरा उपदेशक पूर्वेकडे पाठविण्यांत आले. कांहीं हिंदुस्थानासाठीं, कांहीं सयामासाठीं. ऑगस्ट १८५२ च्या सभेंत त्यांचीं नांवें पुकारण्यांत आलीं. त्यांतील पुष्कळांस बायकामुलें होतीं. वाळवंट ओलांडून ते कॅलिफोर्नियास पोंचले, जानेवारी १८५३ च्या अखेरीस 'मॉन्सून' नांवाच्या जहाजावर चढले, आणि एप्रिलच्या अखेरीस कलकत्त्यास उतरले. पैशाची थैली न बाळगतां प्रवास करावयाचा, मिळेल त्या आश्रयावर राहावयाचें, असा त्यांचा दंडक होता. त्यांपैकीं एमोस मिल्टन मुसर हा निघतेवेळीं अवघा बावीस वर्षांचा होता. तो कलकत्त्याहून पश्चिमेस येऊन पुढें कराचीस राहिला, व पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १८५७ मध्यें घरीं पोंचला.

परंतु ह्या सर्व श्रमांस यश फार थोडें आलें. त्यास कारणेंही होतीं. ज्या सभेंत ह्या तेरांचीं नांवें पुकारलीं, त्याच सभेंत पंथानें आपल्या लोकांत चालत असलेली बहुपत्नीत्वाची चाल जाहीरपणें कबूल केली. ही बातमी हिंदुस्थानांत पोंचतांच अनेक दारें बंद झालीं, आणि आमच्या मतें तो विरोध अकारण नव्हता. ती चाल बंद करण्याचें पंथाच्या पुढाऱ्यांनीं १८९० मध्यें जाहीर केलें. शिवाय ह्या उपदेशकांचा संबंध मुख्यतः छावण्यांतील युरोपियन लोकांशीं आला. देशी लोकांच्या भाषा शिकण्यास जितका काळ लागतो, तितका काळ बहुतेकांस मिळाला नाहीं. १८५६ च्या सुमारास जवळजवळ सर्वजण परत गेले, आणि पुण्यांतील ती लहान मंडळी टिकली नाहीं. हिंदुस्थानांत ह्या पंथाचें स्वतंत्र मिशन पुढें १९९३ मध्यें बंगलोर येथें स्थापन झालें.

भाषा आणि काळ

ह्या वृत्तांताशेजारीं दुसरा एक ठेवून पाहावा. फेब्रुवारी १८१३ मध्यें गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. पुढें सॅम्युएल न्युएल त्यांस येऊन मिळाला. इंग्रज सरकारास ते नको होते. त्यांस परत पाठविण्याचे हुकूमही निघाले होते. बरींच वर्षें त्यांच्या उपदेशानें मंडळींत आलेल्या लोकांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. न्युएल १८२१ मध्यें पटकीनें वारला. हॉल हा १८२६ च्या मार्च महिन्यांत नाशिकच्या बाजूस फिरतीवर असतां त्याच रोगानें वारला. गांवोगांव पटकीचा कहर चालला असतां तो लोकांस औषध देत होता. परंतु ह्या मंडळींनीं मराठी भाषा पक्की शिकून घेतली होती. त्यांनीं शाळा काढिल्या, छापखाना घातला, आणि नव्या कराराचें मराठी भाषांतर सिद्ध केलें. तें हॉलच्या मृत्यूच्याच वर्षीं छापून निघालें. त्यांच्याच मिशनचें 'ज्ञानोदय' हें पत्र १८४२ मध्यें अहमदनगरास निघालें.

आपल्या मराठवाड्यांतील उदाहरण घ्यावयाचें तर रेव्हरंड नारायण शेषाद्रि ह्यांचें घ्यावें. हे १८४३ मध्यें ख्रिस्ती झाले, व पुढें निजामाच्या राज्यांतील जालना येथें त्यांनीं काम केलें. जवळच 'बेथेल' नांवाचें गांव वसविलें. १८७३ मध्यें न्यूयॉर्क येथें भरलेल्या ख्रिस्ती परिषदेस ते हजर होते. म्हणजे अमेरिकेचा मनुष्य महाराष्ट्रांत उपदेशास येत होता, तसा महाराष्ट्राचा मनुष्य अमेरिकेंत जाऊन बोलतही होता. एकास मराठी शिकावी लागली, दुसऱ्यास इंग्रजी.

ह्यावरून भाषेचें महत्त्व ध्यानांत येईल. आपल्या बाजारांत मराठी, उर्दू, तेलुगू व बंजारा ह्या बोली एकाच सकाळीं कानीं पडतात. शेजाऱ्याची भाषा चार शब्द कां होईना बोलतां यावी, असें किती विद्यार्थ्यांस वाटतें? हजारों कोसांवरून आलेला मुलगा रोज एक तास परक्या भाषेस देतो. आपल्या ओट्यासमोरून जाणारी भाषा शिकावयास आपणांस तिकीट काढावें लागत नाहीं.

फळ कोठें आहे?

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. हॉलच्या श्रमाचें फळ आपणांस दिसतें. शाळा दिसतात, ग्रंथ दिसतात. फिंडलेच्या श्रमाचें काय? त्याची मंडळी टिकली नाहीं. मग पुण्यांतील त्याचे ते आठवडे व्यर्थ गेले असें म्हणावें काय?

ह्याचें उत्तर देतांना दोन गोष्टी निराळ्या ठेविल्या पाहिजेत. पहिली, मनुष्याची शिकवण खरी कीं खोटी, ही. तिचा निर्णय श्रमावरून होत नाहीं. चुकीच्या वाटेनेंही मनुष्य फार दूरवर चालूं शकतो. म्हणून कोणाचा केवळ त्याग पाहून त्याचें मत स्वीकारूं नये. दुसरी, मनुष्य आपल्या शब्दास जागला कीं नाहीं, ही. येथें मात्र फळ दिसो वा न दिसो, त्याच्या आठवड्याची साक्ष पुरेशी आहे. मृगांत पाऊस पडेल कीं नाहीं हें शेतकऱ्याच्या हातीं नसतें. वखरणी वेळेवर करणें त्याच्या हातीं असतें.

ह्या व्यवस्थेंत एक धोकाही आहे, तो सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाहीं. हे तरुण आठवड्याच्या शेवटीं आपल्या कामाचे आंकडे वरिष्ठांस कळवितात. किती भेटी झाल्या, किती लोक सभेस आले, ह्याचा हिशेब ठेवणें वाईट नाहीं; परंतु आंकड्याकडेच डोळे लागले, म्हणजे समोरच्या माणसाकडे दुर्लक्ष होण्याची भीति असते. परीक्षेच्या गुणांविषयीं आम्हां शिक्षकांसही हीच सावधगिरी बाळगावी लागते. आणि धर्माच्या बाबतींत तर ती अधिकच हवी. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें प्रत्येकास आपला धर्म मानण्याचें, आचरण्याचें व सांगण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे. सांगणाऱ्यास जसा सांगण्याचा अधिकार आहे, तसाच ऐकणाऱ्यास 'नको' म्हणण्याचाही आहे. लोभ दाखवून, भीति घालून किंवा अडचणींत गांठून मिळविलेला होकार हा होकारच नव्हे.

पालकांस दोन शब्द

हिमायतनगराहून आपलीं मुलें नांदेडास, हैदराबादेस, पुण्यास शिकावयास जातात. आगगाडी मुदखेडाकडे निघाली, कीं फलाटावर उभ्या असलेल्या आईच्या मनांत काय येतें, हें आम्ही जाणतों. ह्या पाठांतील तरुणाच्या आईबापांपासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, मूल दूर पाठविण्यापूर्वीं त्यास स्वतःचे कपडे धुणें, साधा स्वयंपाक करणें, पैशाचा हिशेब ठेवणें व आठवड्यांतून एकदां घरीं मनमोकळें बोलणें, इतकें तरी शिकवावें. मुलगा असो वा मुलगी असो, ह्यांत भेद करूं नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मिशनवर गेलेले सर्वच तरुण मुदत पुरी करीत नाहींत. कोणी आजारी पडतो, कोणाचें मन खचतें, कोणास तें काम झेपत नाहीं, आणि तो मध्येंच घरीं येतो. अशा तरुणांस पुष्कळदां फार लाज वाटते. शेजारीपाजारी काय म्हणतील ह्या विचारानें ते घराबाहेर पडेनातसे होतात. आपल्याकडेही परीक्षा नापास झालेला, किंवा शहरांत जीव न रमलेला मुलगा असाच परत येतो. त्या रात्रीं त्यास प्रथम जेवावयास वाढावें. विचारपूस सकाळीं करावी. उधळ्या पुत्राच्या दाखल्यांतील बाप मुलगा दूर आहे तोंच धांवत सामोरा गेला. येथें तर मुलानें कांहीं उधळलेंही नाहीं. तो केवळ थकून आला आहे. घराचें दार आपणांसाठीं उघडें आहे एवढी खात्री ज्या मुलास असते, तोच दूर जाण्याचें धैर्य करितो.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. आपल्या मागील आठवड्याचे १६८ तास निद्रा, शाळा, घरकाम, खेळ व इतर अशा पांच सदरांत लिहून काढा. कोणतें सदर पाहून तुम्हांस आश्चर्य वाटलें?

२. मुंबई, पुणें, अहमदनगर, जालना, कराची व कलकत्ता हीं ठिकाणें नकाशांत दाखवा, व ह्या पाठांतील कोण कोठें कोणत्या सालीं होता तें लिहा.

३. एखाद्याचें मत न पटतां त्याच्या अंगच्या कोणत्या गुणाचा आदर करितां येईल? आपल्या ओळखीच्या एका मनुष्याचें उदाहरण, नांव न देतां, दहा ओळींत लिहा.

४. आपल्या गांवांत बोलल्या जाणाऱ्या, परंतु तुम्हांस न येणाऱ्या एका भाषेंतील वीस शब्द त्या भाषेच्या मनुष्याकडूनच शिकून घ्या. हा प्रश्न वहींत सोडवावयाचा नाहीं. बाजारांत सोडवावयाचा आहे.